अंगणातला जांब नव्या घरी न्यायचा तर गुटी कधी आणि कशी बांधावी

ताई, तुमचा प्रश्न असा: नागपुरातल्या मानेवाड्यातलं घर दिवाळीनंतर पाडून नव्यानं बांधायचं आहे. अंगणात सासूबाईंनी लावलेला जांब (पेरू) आहे, कागदी लिंबू आहे, कुंपणाशी मोगरा आहे आणि एक संत्रा आहे. बांधकामात चारही जाणार, पण नव्या अंगणात हीच झाडं हवीत. जांबाच्या फांद्या तोडून कुंडीत खोचल्या, त्या आठवड्याभरात वाळल्या. फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडता येतील का?

येतील. जांबाची गुटी, म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून तिथं ओलं शेवाळ बांधून मुळं फोडणं, नक्की होईल. मोगऱ्याचा दाब, म्हणजे फांदी वाकवून मातीत दाबणं, त्याहून सोपा आहे. लिंबाला एक अट आहे. संत्र्याची मात्र गुटी बांधू नका, त्याचं कारण पुढे सांगते. तुमच्या हातात एकच पावसाळा आहे, म्हणून आधी वेळेचं बोलू.

नागपुरात गुटीचा हंगाम मृग बरसल्यावर सुरू होतो आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपतो. पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन हवेतला कोरडेपणा गेला की बांधायला घ्या. जूनचा शेवट किंवा जुलैचा पहिला आठवडा सगळ्यात चांगला. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, घाईनं बांधलेल्या गुटीतलं शेवाळ पंचेचाळीस अंशांच्या उन्हात शिजतं. सप्टेंबरात बांधली तर मुळं फुटायच्या वेळी हवा कोरडी पडते आणि पुढे थंडीत वाढ मंदावते. जुलैच्या सुरुवातीला बांधलेली जांबाची गुटी साधारण पोळ्याच्या सुमारास मुळांनी भरते. म्हणजे सप्टेंबरात ती झाडावरून उतरते आणि दिवाळीपर्यंत पिशवीत स्थिरावते. तुमचं वेळापत्रक यात बसतं, पण जुलै हातचा जाऊ देऊ नका.

तोडून खोचलेल्या फांद्या का वाळल्या, हे समजून घेतलं तर पुढची प्रत्येक कृती आपोआप कळेल. तोडलेल्या फांदीची पानं पाणी सोडत राहतात आणि ते भरून काढायला खाली मूळ नसतं. जास्वंद, कण्हेर, चाफा यांना मुळं फुटेपर्यंत तग धरता येतो. जुन्या जांबाच्या लाकडाला तेवढा अवधी मिळत नाही. गुटीत हीच अडचण सुटते. मुळांकडून येणारं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, तर पानांत तयार झालेलं अन्न आणि मुळं फुटायला लागणारं संप्रेरक सालीतून खाली उतरतं. आपण फक्त सालीची एक पट्टी काढतो. त्यामुळे वर जाणारं पाणी चालू राहतं आणि खाली जाणारं अन्न कापलेल्या सालीच्या वरच्या काठाशी अडून साठतं. तिथं ओल, अंधार आणि हवा मिळाली की त्याच काठातून मुळं येतात. खालच्या काठातून येत नाहीत, म्हणून सगळं लक्ष वरच्या काठाकडे द्यायचं.

फांदी निवडताना घाई नको. जाडी पेन्सिलीएवढी किंवा थोडी जास्त, वय साधारण एक वर्ष, साल हिरवी सोडून तपकिरी होऊ लागलेली. शेंड्यापासून दीड-दोन फूट लांब, उन्हात वाढलेली आणि पानांनी भरलेली असावी. झाडाच्या पोटातली, सावलीत लांबलेली बारीक फांदी मुळं फोडायला फार अन्न देऊ शकत नाही. फळं लागलेली फांदी घेऊ नका, किंवा बांधण्याआधी फळं काढून टाका. जुन्या झाडाच्या म्हाताऱ्या फांद्यांना मुळं उशिरा येतात. म्हणून बुंध्याजवळून किंवा गेल्या वर्षी छाटलेल्या जागेवरून आलेले जोमदार फुटवे शोधा. दोन झाडं हवी असतील तर सहा-सात गुट्या बांधा. काहींना मुळं येत नाहीत, काही उतरवल्यावर जातात. तुमचं झाड तोडलं जाणार असल्यानं त्याच्यावर ताण पडेल ही चिंताही नाही.

आता प्रत्यक्ष काम. धारदार चाकू स्पिरिटनं पुसून घ्या. शेंड्यापासून दीड फूट खाली, एखाद्या पेराच्या लगेच खाली, फांदीभोवती सालीपुरता गोल काप द्या. त्याच्या एक इंच किंवा थोडं जास्त खाली दुसरा काप द्या. दोन्ही जोडणारी एक उभी रेघ मारा आणि साल बांगडीसारखी काढा. पावसाळ्यात ती सहज सुटते, सुटत नसेल तर फांदीत अजून रस चढलेला नाही. साल निघाल्यावर खाली पांढरं लाकूड दिसतं, पण त्यावर बुळबुळीत पातळ थर राहतो. चाकूच्या पाठीनं तो पूर्ण खरवडून काढा, लाकूड बोटाला कोरडं आणि खरखरीत लागलं पाहिजे. हा थर राहिला तर दोन्ही काठांमधली साल पुन्हा जुळते, अन्न पुन्हा खाली उतरू लागतं आणि दोन महिन्यांनी प्लास्टिक सोडल्यावर आत भरलेली जखम मिळते, मूळ एकही नसतं. घरी बांधलेल्या गुट्यांना मुळं येत नाहीत ती सर्वाधिक याच कारणानं.

मुळं फुटायचं संप्रेरक म्हणजे आयबीए. दुकानात त्याची पावडर मिळते, ती वरच्या काठाला बोटानं किंवा ब्रशनं हलकी लावा. द्रावण करणारे रोपवाटिकावाले साधारण १००० ते ३००० पीपीएमच्या दरम्यान वापरतात, पण घरी पावडर बरी. ती नाही मिळाली तरी काम थांबवू नका. साल नीट काढली असेल तर जांब, डाळिंब आणि लिंबू संप्रेरकाशिवायही मुळं धरतात, फक्त थोड्या उशिरा आणि थोड्या कमी गुट्यांवर. मध, दालचिनी, कोरफड यांचे उपाय लोक सांगतात, मी त्यांच्या भरवशावर काही बांधत नाही.

वेष्टणासाठी स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी मूठभर घेऊन इतकं पिळा की दाबल्यावर थेंब टपकावा, धार लागू नये. ते कापाभोवती घट्ट बसवा. वरचा काठ शेवाळाच्या मधोमध यायला हवा. मॉस नसेल तर धुतलेलं कोकोपीट चालतं, पण ते हातातून सुटतं, म्हणून बांधताना दुसरा माणूस लागतो. वरून २०० गेजचं पारदर्शक पॉलिथिन दोन वेढे गुंडाळा. आधी खालचं टोक सुतळीनं आवळा, मग वरचं. वरचं टोक फांदीला इतकं घट्ट हवं की पावसाचं पाणी फांदीवरून ओघळत आत शिरू नये. त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. पॉलिथिनची जोड फांदीच्या खालच्या बाजूला येऊ द्या. आत पाणी साचलं की शेवाळ कुजून काळं पडतं आणि फुटलेली मुळंही जातात.

पॉलिथिनच का? त्यातून पाण्याची वाफ फारशी बाहेर जात नाही, पण हवा थोडी-थोडी आत-बाहेर होते. एकदा भिजवलेलं शेवाळ त्यात दोन महिने ओलं राहतं आणि मुळं गुदमरत नाहीत. पॉलिथिन येण्याआधी माती-शेणाचा गोळा गोणपाटात बांधत आणि वर बुडाला छिद्र पाडलेलं मडकं टांगत. त्यातली सुताची वात गुटीवर थेंबथेंब पाणी सोडायची आणि मडकं रोज भरावं लागायचं. ज्यांनी ती पद्धत बसवली त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, मुळाला नेमकं काय हवं ते त्यांना पूर्ण कळलं होतं.

फांदीवर थेट ऊन पडत असेल तर पॉलिथिनवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा वर्तमानपत्राचा एक वेढा द्या. अंधारात मुळं लवकर येतात आणि शेवाळ तापत नाही. आठवड्यातून एकदा तो वेढा सोडून आत पाहा. प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले तर सगळं ठीक आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कधी दहा-पंधरा दिवस ओढ देतो. तेव्हा शेवाळ गवतासारखं फिकं दिसू लागलं तर इंजेक्शनच्या सुईनं थोडं पाणी आत सोडा आणि छिद्रावर पट्टी लावा. खारी आणि पक्षी प्लास्टिक टोकरतात, फाटलं की त्याच दिवशी वरून दुसरं गुंडाळा. मुंग्यांनी घर केलं तर ती गुटी उघडून नवीन शेवाळ भरा.

चार-पाच आठवड्यांत पांढरी मुळं प्लास्टिकला टेकलेली दिसतील. इथं फार संयम ठेवा. पहिली पांढरी मुळं काचेसारखी ठिसूळ असतात आणि त्यांना अजून फाटे नसतात. ती थोडी पिवळसर-तपकिरी होऊन त्यांना बारीक उपमुळं फुटली, आणि एकाच बाजूला न राहता चारही बाजूंनी दिसू लागली, की गुटी तयार. जांबाला साधारण सहा-सात आठवडे लागतात, लिंबाला दोन महिने धरा.

माझ्याकडे लोक वाळलेल्या गुट्या घेऊन येतात, तेव्हा बहुतेकींच्या आत मुळं चांगली असतात. म्हणजे बांधणं जमलेलं असतं. फांदी मरते ती उतरवल्यानंतरच्या दीड महिन्यात. म्हणून या भागावर सगळ्यात जास्त लक्ष द्या.

फांदी एका दिवसात तोडू नका. मुळं तयार झाली की गुटीच्या दोन बोटं खाली फांदीच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत खाच द्या. आठवड्यानं ती थोडी खोल करा. आणखी आठवड्यानं, शक्यतो ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी, फांदी कापा. या दोन आठवड्यांत आईकडून येणारं पाणी हळूहळू कमी होतं आणि नवी मुळं आपला भार उचलायला शिकतात. कापण्याआधी निम्मी पानं काढा आणि कोवळा शेंडा खुडून टाका. सुंदर हिरवीगार फांदी अशी उघडी करायला जीव होत नाही, पण गुटीतली ओंजळभर मुळं दीड फूट फांदीच्या सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. झाडावर राहिलेल्या कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची असते. तुमचं झाड जाणारच आहे, त्यामुळे ते सोडलं तरी चालेल.

भरायला आठ बाय दहा इंचांची पिशवी घ्या. एक भाग पोयटा माती, एक भाग कन्हान नदीची वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती भरू नका, ती ओली झाली की आवळते आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. पॉलिथिन काढा, शेवाळ काढू नका. शेवाळ मुळांशी विणलेलं असतं, ते सोडवताना मुळं तुटतात. आख्खा गोळा मातीत बसवा, भोवती माती हलक्या हातानं दाबा आणि फांदीला काठीचा आधार बांधा. वाऱ्यानं फांदी हलली की आत मुळं तुटत राहतात आणि बाहेरून काही कळत नाही. पाणी एकदा भरपूर द्या, नंतर वरचा थर सुकला की थोडं-थोडं.

पहिले दोन आठवडे पिशवीवर पारदर्शक पॉलिथिनची टोपी करा आणि सकाळी काही वेळ उघडा. नंतर रोज जास्त वेळ उघडी ठेवा. जागा घराच्या पूर्वेची, कोवळं ऊन आणि पुढे सावली, किंवा ५० टक्क्यांची शेडनेट. नवी पानं फुटून मोठी होईपर्यंत खत देऊ नका. मूळ नसलेल्या मातीत युरिया टाकला तर आलेली मुळंही जळतात. ऑक्टोबरची उष्णता सुरू व्हायच्या आत नवी पालवी यावी यासाठीच मी जुलैचा एवढा आग्रह धरते आहे.

बांधकाम पूर्ण होईपर्यंत झाडाला पिशवीतच राहावं लागेल, म्हणजे त्याला एक नागपुरी उन्हाळा काढायचा आहे. फेब्रुवारीत ते चौदा-सोळा इंचांच्या कुंडीत हलवा. एप्रिल-मे मध्ये कुंडी स्लॅबवर ठेवू नका, तापलेल्या स्लॅबनं मुळं खालून भाजतात. जमिनीवर, भिंतीच्या पूर्वेला ठेवा आणि कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. आणखी एक: कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडाला घालू नका. दिवसभर वाफ उडून त्यात क्षार साठलेले असतात आणि लहान मुळांना ते सोसत नाहीत. पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ घरांत ते कुंड्यांना दिलं जातं आणि मे महिन्यात पानांच्या कडा जळाल्या की दोष उन्हाला लागतो.

गुटीचं झाड वयानं जुन्या झाडाचंच असतं, त्यामुळे पहिल्याच वर्षी फुलं धरतं. ती खुडा, पुढल्या वर्षीचीही खुडा. आधी सांगाडा वाढू द्या. त्याला सोटमूळ नसतं, सगळी मुळं उथळ पसरतात. म्हणून नव्या अंगणात लावताना पहिली दोन-तीन वर्षं मजबूत बांबू ठेवा, नाहीतर मे-जूनच्या वावटळीत ओल्या काळ्या मातीतून झाड आडवं होतं.

जांबासाठी हा सगळा खटाटोप करण्यासारखा आहे, कारण बियांपासून आलेल्या रोपाला आईसारखंच फळ लागेल याची खात्री नसते. पुण्याच्या गणेशखिंडीत १९२७ साली निवडलेला सरदार जांब, ज्याला बाजारात एल-४९ म्हणतात, तो आजवर तसाच टिकला तो अशा कलमांमुळेच. तुमच्या सासूबाईंच्या झाडाची चवही गुटीनं तशीच्या तशी येईल.

लिंबाची अट आता सांगते. गुटीतून आईची चव येते तसा आईचा रोगही येतो. कागदी लिंबाला ट्रिस्टेझा हा विषाणूरोग होतो. नव्या पानांच्या शिरा उजेडात धरल्यावर तुटक-तुटक पारदर्शक दिसत असतील, झाड वर्षागणिक आक्रसत असेल, फांद्या शेंड्याकडून वाळत असतील, तर त्याची गुटी बांधू नका. पानांवर आणि फळांवर खैऱ्याचे खरबरीत डाग असतील तर तेही पिशवीत बरोबर येतील. अशा वेळी लिंबाला बियांचा मार्ग आहे. त्याच्या एका बीतून बहुधा एकाहून जास्त अंकुर येतात आणि त्यांतले बरेचसे थेट आईच्याच पेशींपासून झालेले असतात, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं. ट्रिस्टेझा बियांतून जात नाही. फक्त फळाला चार-पाच वर्षं थांबावं लागतं. झाड निरोगी असेल तर खुशाल गुटी बांधा, पण सरळ वर धावणारा काटेरी पाणसोट घेऊ नका. त्याला फळ उशिरा धरतं.

मोगऱ्याला गुटीची गरजच नाही. खालची लवचीक फांदी वाकवा, जिथं जमिनीला टेकेल तिथं खालच्या बाजूनं एक तिरपा काप द्या आणि त्यात काडीचा तुकडा अडकवा म्हणजे तो मिटणार नाही. तो भाग दोन इंच मातीखाली दाबून वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. तुमच्यासाठी मी यात एक बदल सुचवेन: जमिनीत दाबण्याऐवजी फांदीजवळ मातीनं भरलेली कुंडी पुरून तिच्यात दाबा. मुळं धरली की फांदी कापायची आणि कुंडी उचलायची, मुळांना हात लागत नाही. जाई, जुई, चमेली यांनाही हेच चालतं. वेल लांब असेल तर एकच वेल चार कुंड्यांत आत-बाहेर नागमोडी दाबून चार रोपं होतात. रामटेकच्या पानमळ्यांत वेल वाढून वर गेला की तो खाली उतरवून त्याचं जुनं खोड मातीत दाबतात आणि पेरापेराला नवी मुळं फुटून मळा पुन्हा जोर धरतो. तत्त्व तेच.

झाडं पाडण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे परवानगीचा अर्ज करा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे शहरात ती लागते आणि तिला वेळ लागतो.

राहिला संत्रा. त्याची गुटी बांधली तर मुळंही संत्र्याचीच राहतात, आणि आपल्या भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत तीच त्याची दुबळी बाजू आहे. फायटोप्थोरा ही बुरशी मुळं कुजवते, बुंध्याशी डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) लावते आणि झाड हळूहळू सुकतं. म्हणूनच काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या सगळ्या पट्ट्यात संत्र्याचा डोळा (फांदीवरची कळी) जंबेरी किंवा रंगपूर लाईम या लिंबाच्या जातींच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, बसवून लावतात; यालाच डोळा भरणं म्हणतात. तुमच्या झाडाचाच वंश हवा असेल आणि झाड निरोगी असेल, तर जाणत्या माणसाकडून त्याचे डोळे रंगपूर लाईमच्या रोपांवर भरून घ्या. हे काम पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरच्या आसपास थंडी लागताना होतं, म्हणजे झाड पाडण्याआधी डोळकाडी (डोळे असलेली काडी) काढून ठेवा किंवा ते थोडे दिवस राखा. ते जमलं नाही तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमांची चौकशी करा. रोप कुठूनही घ्या, डोळा भरलेली जागा मातीपासून वीतभर वर आहे ना हे पाहून घ्या, आणि लावताना ती जागा मातीखाली जाऊ देऊ नका.